माणूस नसलेलं चित्र

आमच्या घरात भिंतीवर एकच चित्र असं होतं की ज्यात माणूस नव्हता. बाकी सगळ्या भिंती माणसांनी भरलेल्या होत्या, आणि त्यातली आमची माणसं फार थोडी. बहुतेक गिऱ्हाइकांची, फ्रेम करायला दिलेली आणि नंतर न्यायला कुणी न आलेली. बाबांचं फोटो फ्रेमचं दुकान कळमनुरीत बाजाराच्या रस्त्यावर होतं आणि दुकानाच्या मागेच आमच्या दोन खोल्या. दुकानात जागा उरली नाही की न नेलेले फोटो घरात यायचे. पटका बांधलेले म्हातारे, खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसलेल्या बाया, कडक इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण मास्तर. त्यांची नावं आम्हाला ठाऊक नव्हती. माझा धाकटा भाऊ मिलिंद तेव्हा नुकता बोलायला लागला होता. तो जेवताना त्यांच्याकडे भाकरीचा तुकडा धरून "घे" म्हणायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. त्या घरात मेलेल्या माणसांसमोर जेवणं ही रोजची गोष्ट होती.

आधी दुकान सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फ्रेमच्या दुकानात लोक लग्नासाठी येतात, देवासाठी येतात आणि मरणासाठी येतात. लग्नाचं काम उन्हाळ्यात, देवाचं सणावारी, तिसरं बारा महिने. सकाळी मला जाग यायची ती करवतीच्या आवाजाने. मग हिरकणीने काच कापताना येणारा तो बारीक आवाज, ज्याने दात शिवशिवतात, मग काच मोडल्याचा टक् असा एकच आवाज, आणि शेवटी चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकण्याचा. आतून मायच्या भाकरी थापण्याचा आवाज त्यात मिसळायचा. हातोडी थांबली तर माय आतून विचारायची, "काय झालं वो?" बाबा म्हणायचे, "काही न्हाई, चुक वाकली." एवढंच त्यांचं दिवसभराचं बोलणं, आणि तेवढ्यावर त्यांचं चांगलं चाललं होतं.

मायच्या वाटणीचं एक काम होतं. फ्रेम बंद करायच्या आधी काचेची आतली बाजू पुसायची. बाहेरची बाजू कुणालाही केव्हाही पुसता येते. आतली एकदाच पुसायला मिळते. मागून पुठ्ठा बसला, चुका ठोकल्या, कागद डकवला की आत राहिलेला केस, कण किंवा बोटाचा ठसा कायमचा राहतो. म्हणून माय खडूची पूड टाकून जुन्या वर्तमानपत्राने काच पुसायची, फोटोवर ठेवायची, आणि उजेडाकडे तिरपी धरून इंच इंच पाहायची. पाहताना तो चेहराही पाहणं आलंच. पंचक्रोशीतले किती मेलेले चेहरे तिने असे जवळून पाहिले असतील, त्याची गणती कुणी ठेवली नाही. आमच्या बौद्ध घरात नवससायास नव्हते, दाराला लिंबू-मिरची नव्हती, आणि माय त्या बाबतीत बाबांपेक्षा कडक होती. पण तिने स्वतःचा फोटो कधी काढू दिला नाही. लग्नात फोटोवाला बोलावलाच नव्हता, आणि तेव्हा आजच्यासारखा प्रत्येक कागदाला फोटो लागत नसे. शेजारी स्टुडिओ होता. तो चालवणारे चाचा बाबांचे दोस्त. ते कितीदा म्हणाले, "भाभी, एक फोटो तो बनता है. पैसे मत देना." माय दारातूनच म्हणायची, "तुमच्याकडं फोटो निघते अन् मग आमच्याकडं येते. मधी काय होते ते मला ठाव हाय."

बाबांची थोरली बहीण, आमची आत्या, शेजारच्याच गल्लीत राहायची आणि बोलायला तिखट होती. ती मायला टोचायची, "एवढी दीक्षा घेतलेल्या घरची तू, अन् फोटोला भेतीस?"

"भेत न्हाई, वन्सं. बसत न्हाई," माय म्हणायची आणि काच पुसत राहायची.

ते चित्र आलं ते लाकडासाठी. नांदेडच्या रस्त्यावरचा जुना डाकबंगला पाडत होते. भंगारवाल्याने तिथून दारं, खुंट्या, कंदिलाचे आकडे उचलले होते, आणि त्यात ही एक चौकट. लाकूड काळं शिसवी, कोपऱ्यांना एकही चुक नाही, एकात एक बसवलेले सांधे. बाबांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि भाव न करता घेतली. चित्राकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. ते काढून टाकून चौकट विकायची असं ठरलेलं होतं. मायने काचेवरची बंगल्याची धूळ पुसली आणि पुसता पुसता थांबली.

"अवो, हे काढू नका."

"काहून? लाकूड पाहा की. असं लाकूड आता भेटत न्हाई. अन् चित्रात काय हाय, नुसता काळा-पांढरा झाडोरा."

"म्हणूनच. याच्यात कुणी न्हाई."

बाबा हातातली हातोडी खाली ठेवून हसले. "बिनमाणसाचा फोटो कोण लावते घरात?"

"आपण," माय म्हणाली.

तसं ते आमच्या पुढच्या खोलीत आलं, दारासमोरच्या भिंतीवर. त्यासाठी दोन अनोळखी म्हातारे आतल्या खोलीत गेले.

त्या चित्राचं वर्णन मी आजही न पाहता करू शकते. रंग नाही. सगळं काळ्या बारीक रेषांनी भरलेलं, केसासारख्या रेषा, काही ठिकाणी एकमेकींवर आडव्या-उभ्या इतक्या दाट की कापड विणल्यासारखं दिसतं. डावीकडे एक जुनं अवाढव्य झाड, बुंध्याला पीळ पडलेला, एक फांदी वाळलेली. त्याच्या पायाशी पाणी साचलेलं. मधून एक पाऊलवाट आत जाते आणि दिसेनाशी होते. मागे बारीक झाडांची रांग, पुढची स्पष्ट, मागची पुसट, त्यामागची नसल्यासारखी. आणि त्या पुसट झाडांच्या मधून उजेड येतो. शाळेतले चित्रकलेचे सर एकदा दुकानात आले तेव्हा त्यांनी ते खुर्चीवर चढून पाहिलं. ते म्हणाले, हे हाताने कागदावर काढलेलं नाही. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, त्यावर सुईने चित्र ओरखडतात, मग पत्रा तेजाबात बुडवतात. जिथे मेण निघालं तिथे तेजाब खातं. त्या खाचांत शाई भरून वर ओला कागद दाबतात. हे शंभराच्या वर वर्षांपूर्वीचं, विलायतेतलं. खाली इंग्रजीत छापलेलं होतं त्याचा अर्थ त्यांनी सांगितला, रानातली पहाट. सर गेल्यावर मी जवळ जाऊन उजेड पाहिला. तिथे काहीच नव्हतं. त्या माणसाने उजेड काढलाच नव्हता. त्या जागी रेषा मारायचं तेवढं थांबला होता.

नाव कळण्याच्या आधी त्यावर घरात वाद होता. आत्याचं म्हणणं, ही संध्याकाळ आहे. मायचं म्हणणं, पहाट.

"तुला काय ठाव? तू गेलती का तिथं?" आत्या म्हणाली.

"धुकं खाली बसलंय, वन्सं. सांजच्याला चुली पेटतेत, धूर वर तरंगते. हे पाण्यावर बसलंय."

मायचं माहेर पुसेगाव. लहानपणी ती आणि तिची धाकटी बहीण, माझी कांतामावशी, अंधार असतानाच सरपणाला माळावर जायच्या. मावशी पुढे आमच्याच भागातल्या गोरेगावला दिली होती. ती आली की दोघी त्या चित्राखाली बसून शेंगा फोडायच्या आणि त्या झाडांना नावं द्यायच्या. पळस नाही, पान बारीक आहे. मोह नाही. बाभळ तर नाहीच. "आपल्याकडचं न्हाईच अक्का हे," मावशी म्हणायची. माय म्हणायची, "नसू दे. रान रानच असते." दोघींचा चेहरा सारखा होता, कपाळ आणि नाक एकाच साच्यातलं. फरक एवढाच की मावशी हसायच्या आधीच तिच्या ओठांवर हसू यायचं, आणि मायच्या डाव्या डोळ्याखाली तीळ होता.

आजाराचं मी थोडक्यात लिहिते. मायच्या पायांवर सूज आली, मग तोंडावर. नांदेडच्या वाऱ्या झाल्या. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर असायचं. नंतर वाऱ्या थांबल्या. तिची बाज पुढच्या खोलीत आणली, चित्रासमोर. घरातली कामं माझ्यावर आली. मी सहावीत होते. काय आधी, काय नंतर, काय आत्याला सांगायचं, काय आपणच करायचं, हे मी तेव्हा मनात लावायला शिकले, ती सवय पुढे नोकरीत कामाला आली. सरकारी दवाखान्याच्या औषधांच्या भांडारात माझी सगळी नोकरी गेली आणि तिथे मला कुणी गोंधळलेलं पाहिलं नाही. सकाळी भाकरी, मिलिंदची आंघोळ, मायचं औषध, येसराची आमटी, आणि दुपारी दुकानात आतली काच. होय, तेही काम माझ्याकडे आलं. बाबांनी सांगितलं नाही. एक दिवस त्यांनी काच माझ्यासमोर ठेवली आणि मी पुसली.

त्याच दिवसांत दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं, ते सांगायला हवं. कळमनुरीजवळच्या तांड्यावरचा एक माणूस. वर्षभरापूर्वी त्याने वडिलांचा फोटो फ्रेम करून नेला होता. स्टुडिओत जुन्या चुरगळलेल्या फोटोवरून मोठा करताना गाल भरले होते, भुवया काळ्या केल्या होत्या. नेताना तो म्हणाला होता, "माझा बाप असा नव्हता." आता काच तडकली म्हणून तोच फोटो घेऊन आला. मी काच पुसत होते. तो फोटोकडे पाहत म्हणाला, "बाप बराबर असाच होता माझा." बाबांनी नवी काच बसवून दिली. तो गेल्यावर मला म्हणाले, "सगळ्यांचं असंच होते. फोटो लागला की चेहरा जाते." ते त्यांनी सहज सांगितलं, पट्टी कशी कापायची ते सांगावं तसं. माझ्या मात्र ते डोक्यात बसलं.

माय पडल्या पडल्या चित्र पाहायची. एकदा तिने विचारलं, "सुजे, त्या मोठ्या झाडामागं उजेड वाढला का गं?"

मी पाहिलं. चित्र होतं तसंच होतं. "व्हय, जरासा," मी म्हणाले.

"मला बी वाटलं," ती म्हणाली.

ती गेली ते बाजाराच्या दिवशी दुपारी. बाहेर भाजीवाल्या ओरडत होत्या, बैलगाड्या वळत होत्या, कुणीतरी दुकानासमोर काचेचा भाव विचारत उभं होतं. मी चुलीवर वरण ठेवलं होतं. आत्याने आधी एकदा मायला हाक मारली, मग बाबांना. मी चुलीतला जाळ बाहेर ओढला, भांडं खाली उतरवलं, झाकण ठेवलं, मिलिंदला शेजारी दिलं आणि मग पुढच्या खोलीत गेले. हा क्रम मला नीट आठवतो. रडल्याचं आठवत नाही, कारण मी रडले नाही. बायका माझ्याकडे पाहत होत्या. एक म्हणाली, "पोरगी दगड झाली." दगड असं काही वाटत नव्हतं. हात धुवायचं राहिलं आहे एवढंच वाटत होतं.

मातीचं सगळं झाल्यावर आत्याने तो प्रश्न विचारला. पुण्यानुमोदनाचा दिवस ठरला होता. टेबलावर पांढरं कापड, बुद्धांची मूर्ती, निळ्या कोटातली तसबीर, आणि त्यांच्या जरा खाली गेलेल्या माणसाचा फोटो, अशी मांडणी असते. प्रत्येक घरात तशीच असते, आणि आमच्या आळीतल्या बहुतेक घरांतला तो खालचा फोटो बाबांनीच फ्रेम केलेला होता.

"अरे, हिचा फोटो कुठं हाय?" आत्या म्हणाली.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी नुसता हात हलवला. आत्याने भिंतींकडे पाहिलं. चहूकडून गिऱ्हाइकं आमच्याकडे पाहत होती.

तोड चाचांनी काढली. ते दुखवट्याला बसायला आले होते. कांतामावशी आत पाणी भरत होती, तिच्याकडे पाहून म्हणाले, "बहन है ना? माथा वही, नाक वही. भाभी की साडी पहना दो, बाल वैसे बना दो. बाकी मैं पेन्सिल से कर दूँगा. कोई नहीं पहचानेगा." असं तेव्हा केलं जायचं. एकाचा चेहरा आणि दुसऱ्याचा कोट, भावाच्या चेहऱ्यावरून भाऊ. आता माझा भाचा मोबाईलवर असल्या गोष्टी जेवता जेवता करतो. तेव्हा त्याला काळी खोली, ओले हात आणि टोकदार पेन्सिल लागायची.

मावशीची सासू त्याला तयार नव्हती. ती गोरेगावहून आली होती. "जित्या बाईच्या फोटोला फुलं वाहायची? ध्यान हाय का कुणाला?" मावशीने घागर खाली ठेवली आणि शांतपणे सासूला म्हणाली, "आत्याबाई, आपल्यात असलं मानत न्हाईत." सासू म्हणाली, "तुझी अक्का बी मानत नव्हती. बसली का फोटोला?" मग मावशीच म्हणाली, "तिच्या लेकरायला माय दिसली पाहिजे. मी बसते."

स्टुडिओत मला नेलं, कारण माय कशी दिसायची ते सांगायला कुणीतरी हवं होतं आणि बाबा आले नाहीत. मी ट्रंकेतून मायची चॉकलेटी साडी काढून नेली. मावशीने ती नेसली, पदर डोक्यावरून घेतला, भांग मधून पाडला. मागे पडद्यावर रंगवलेला जिना आणि कुंडी होती. चाचा काळ्या कापडात डोकं घालायचे, बाहेर काढायचे. "बेटी, बोल. अम्मा ऐसे बैठती थी?"

"खांदे जरा खाली," मी म्हणाले. "पदर कानामागं. हात असा न्हाई, असा."

मावशी मी सांगेन तसं करत गेली. मोठी बाई माझं इतकं ऐकते याचं मला नवल वाटलं. मग एकदम तिला हसू आलं. ती ओठ दाबून हसायला लागली, थांबेना. "अक्का जन्मात फोटोला बसली न्हाई," ती म्हणाली, "अन् मला तिच्या जागी बसवून राहिले." चाचा म्हणाले, "आपा, हँसना नहीं, मय्यत का फोटो है." ते ऐकून ती गप्प झाली. मग दिवा लागला, आणि झालं. निघताना चाचांनी मला विचारलं, तीळ कुठे होता. मी माझ्या डाव्या डोळ्याखाली बोट ठेवून दाखवलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

पुण्यानुमोदनाच्या सकाळी चाचांनी मोठा केलेला फोटो आणून दिला. दुकान बंद होतं, बाबा आणि मी दोघंच आत होतो. मागच्या अंगणात पुऱ्यांच्या पिठाची परात, खिरीचं पातेलं, बायकांची लगबग. बाबांनी दुकानातल्या पट्ट्या एकेक उचलून पाहिल्या आणि ठेवल्या. पॉलिशच्या, सोनेरी, नक्षीच्या, सगळ्या त्यांनी हजारदा कापलेल्या. मग ते उठून आत गेले आणि ती शिसवी चौकट काढून आणली. मायसाठी त्यांना तीच चालणार होती. त्यांनी मागचा कागद फाडला, पुठ्ठा काढला आणि ते रान उचलून बाजूच्या टेबलावर ठेवलं. काचेबाहेर ते लहान आणि पातळ वाटत होतं. फोटो चौकटीच्या मापाने कापला. काच माझ्यासमोर ठेवली.

मी खडूची पूड टाकून काच पुसली. फोटोवर ठेवली. उजेडाकडे तिरपी धरली आणि पाहायला लागले, आधी कडा, मग कोपरे, मग मध्य. केस नव्हता. कण नव्हता. साडी मायची होती. पदर कानामागे होता. खांदे बरोबर उतरलेले होते. डोळ्याखाली तीळ होता, पेन्सिलीचा, पण कळत नव्हता. चाचांनी गालावर थोडी सूज दाखवली होती, शेवटी होती तशी. तोंडाकडे आले आणि तिथे थांबले. ओठांचे कोपरे हसायच्या बेतात होते. मी पुन्हा कडेपासून सुरू केलं. पुन्हा तोंडापाशी आले. मला तांड्यावरचा तो माणूस आठवला. एकदा हा लागला की वर्षभरात माय अशीच होती असं मी म्हणेन, हे मला दुकानामुळे ठाऊक होतं, आणि मिलिंदला तर वर्षही लागणार नव्हतं.

बाबांच्या ओठांत चुका होत्या. त्या काढून हातात घेऊन त्यांनी विचारलं, "मायवानी दिसते का?"

"मावशी हाय," मी म्हणाले.

ते जवळ आले. बराच वेळ पाहिलं. "बराबर," म्हणाले. मग स्टुलावर बसले. अंगणातून आत्याने हाक मारली, झालं का. बाबा उठले, फोटो काढून वर्तमानपत्रात गुंडाळला, आणि टेबलावरचं रान पुन्हा चौकटीत ठेवलं.

"हे काहून?" मी विचारलं.

"शेवटपर्यंत हेच पाहत होती. ती न्हाई तर तिनं पाहिलेलं तरी लागू दे," ते म्हणाले आणि चुका ठोकायला लागले.

मूर्तीच्या आणि तसबिरीच्या खाली ते चित्र उभं केलेलं पाहून आत्याच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "अरे, लोक काय म्हणतील? झाडाला फुलं वाहायची का आता?" बाबा म्हणाले, "वाहा." इतकं कोरडं की तिने ताट खाली ठेवलं. माणसं जमली. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, मेणबत्त्या लागल्या. फुलं वाहायची वेळ आली तेव्हा त्यांनी चित्राकडे पाहिलं, जरा थांबले, आणि "दिवंगत उपासिकेच्या स्मृतीस" असं म्हणून पुढे गेले. पांढऱ्या साड्यांतल्या बायका ओळीने येत होत्या. प्रत्येक बाई फूल ठेवायची, मान वर करायची, चेहरा शोधायची, झाडं पाहायची आणि हात जोडायची. आमच्या आळीतला एक म्हातारा चष्मा वर करून म्हणाला, "हे कोणतं रान?" मागून कुणीतरी सांगितलं, "पुसेगावचं असंल. माहेर हाय तिचं." म्हाताऱ्याने मान डोलावली. जेवणाच्या पंगतीपर्यंत ते सगळ्यांना माहीत झालं होतं. वांग्याची भाजी वाढताना मी ऐकलं, "तिच्या माहेरचं रान लावलंय, चांगलं केलं." विलायतेतलं ते जुनं रान तेव्हापासून पुसेगावचं झालं. आम्ही कुणाला दुरुस्त केलं नाही.

मावशीला आधी कुणी सांगितलं नव्हतं. ती पुऱ्या तळत होती, हात पुसून शेवटी आली. तिने टेबलाकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"भाऊजी, माझा कुठाय? न्हाई जमला का?"

"जमला. लई जमला," बाबा म्हणाले.

"मंग?"

"तू जिती हाय, कांता."

मावशीने सासूचं ऐकलं नव्हतं, साडी नेसली होती, चेहरा दिला होता, आणि तो चेहरा परत मिळाला. तिला बरं वाटलं की अपमान वाटला हे मला तेव्हा कळलं नाही, आता विचार केला तरी कळत नाही. तिने फूल ठेवलं. संध्याकाळच्या जीपने ती सासूबरोबर गोरेगावला गेली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो फोटो तिने मांडीवर धरला होता. तो कुठे ठेवला, फाडला का, हे मी कधी विचारलं नाही.

ते रान पुढे बाबा असेपर्यंत त्या भिंतीवर होतं, आता माझ्या घरी आहे. मी दर दिवाळीला त्याचा मागचा कागद तपासते, वाळवी बघते. जे टाळायचं होतं ते टळलं, असं मी बरीच वर्षं धरून चालले. मायचा खोटा फोटो घरात लागला नाही. पण त्या सकाळी तो फोटो लावू नये म्हणून मी त्याच्याकडे जितकं बारकाईने पाहिलं, तितकं मायकडे कधी पाहिलं नव्हतं. माय रोजची होती, तिच्याकडे कोण पाहतं. नोकरी लागली त्या सुमारास एकदा मी तिचा चेहरा आठवायला गेले तेव्हा चॉकलेटी साडी आली, कानामागचा पदर आला, आणि हसायच्या बेतात असलेले ओठ आले. मी ते बाजूला सारून मागे पाहिलं. मागे रंगवलेला जिना होता. त्यानंतर कितीदा प्रयत्न केला तरी तेच.

मिलिंद आता स्वतः बाप आहे. अधूनमधून फोनवर विचारतो, "ताई, माय दिसायला कशी होती गं?" त्याला तिचं काहीच आठवत नाही. मी सांगते. कपाळ मोठं, नाक सरळ, खांदे जरा उतरलेले, पदर कानामागे. तो पलीकडून "हं, हं" करत ऐकतो. मागच्या वेळी त्याने विचारलं, "तीळ कोणत्या डोळ्याखाली?"

"डाव्या," मी लगेच सांगितलं.

तेवढं नक्की आहे. ते मीच चाचांना दाखवलं होतं, आणि तेव्हा मला ते ठाऊक होतं.